विमलनं वाचलेली गोष्ट अंकात नाही

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं मी रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर काढली. तिथं शेडमध्ये रुईचे तंतू दिवसभर हवेत तरंगत असतात. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली की त्यांचे माणसासारखे आकार दिसतात. डोकं, खांदे, कधी डोक्यावर पदर घेतलेली बाई. नवीन कामाला आलेल्या बाया भ्यायच्या. मी म्हणायचो, "रुई हाय ते. तोंडाले फडकं बांध आन कामाले लाग." मी असा माणूस आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मी चौथी शिकलो. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर जोडत. हे लिहून दिलं ते शेजारच्या रहीमभाईच्या सुनेनं, शबानानं. ती शाळेवर मॅडम आहे. मी बोलत गेलो, ती लिहीत गेली. माझं मले-तुले तिनं मला-तुला केलं, म्हणाली की काका, छापायचं म्हणजे असंच लागते. माणसांचं बोलणं मात्र तसंच ठेवलं. तुमच्या अंकात हे अनुभवाचं पान येतं ते तीच मला वाचून दाखवते.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची आहे. कापसाचे दिवस वाईट होते. सीझन असून जिनिंगच्या फाटकात गाड्या येत नव्हत्या. सरकी वेगळी करणारे रेचे निम्म्याहून जास्त बंद, आणि प्रेस चालायची ती फक्त सकाळची. बाराचा भोंगा झाला की मी घरी. घर म्हणजे जिनिंगच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. त्याला लागूनच रहीमभाईचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मधली भिंत कमरेपर्यंत विटांची, वर सगळी टिनाची. आमच्याकडे भांडं पडलं की तिकडून आवाज येणार, "भाऊ, फुटलं का चेपलं?"

माझी बायको विमल मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्न झालं तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ती मला वाचून दाखवायची. वाचनालयातून दिवाळी अंक आणायची आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायची. मी खाटेवर डोळे मिटून पडायचो, ती भिंतीला टेकून बसायची. मला डुलकी लागली असं वाटलं की वाचता वाचताच म्हणायची, "आन मंग त्या माणसानं आपल्या बायकोले सोन्याच्या पाटल्या केल्या." मी डोळे उघडायचो.

"असं लिहिलं हाय?"

"नाही. पण जागे तं झाले ना तुम्ही."

रहीमभाई तिच्या वाचनाच्या वेळी ठोकठोक बंद ठेवायचा. आवाज बारीक झाला की भिंतीपलीकडून म्हणायचा, "भाभी, जरा मोठ्यानं. आधी सांगा, ती पोरगी पळाली का नाही?"

संक्रांतीनंतर विमलच्या पोटात दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मग म्हणाला, नागपूरला दाखवा. मी आज-उद्या करत राहिलो. आमची एकच पोरगी, सुनंदा. वणीला दिलेली. जावई कोळशाच्या ट्रकच्या गॅरेजमध्ये आहे. तिला कुणाकडून तरी कळलं, आणि एका रविवारी ती जीप घेऊनच आली.

"आईले घेऊन चालली मी नागपूरले. कपडे भरा तिचे."

मी दारात उभा राहिलो. खरं कारण सांगतो. माझा मोठा भाऊ नागपूरच्या दवाखान्यात गेला होता तो चादरीत बांधून आला. मला भेव वाटलं. घरात आहे तोवर विमल आहे, दवाखान्यात नेली की ती गेली, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पण पोरीसमोर भेव वाटते म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "तुझी आई नाही म्हणते."

सुनंदा आत गेली. "आई, तुले नाही यायचं का?"

विमलनं माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडलं नव्हतं. मग ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "तुझे बाबा म्हणते तसं."

पोरगी तशीच बाहेर गेली. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "तिलेच नसंन यायचं माझ्यासंगं, तं मी काय करू."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी न्हाणीपाशी दाढी करत होतो. विमल खाटेवरूनच म्हणाली, "अवो... मले नेता का नागपूरले?"

मला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. मी बादली उचलली आणि ड्रममध्ये पाणी ओतलं, आवाज होईल असं. ती पुन्हा बोलली नाही. मीही विचारलं नाही की काय म्हणत होतीस.

हे ऐकून शबाना लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "काका, हे पण लिहू?" मी म्हटलं, "त्याच्याचसाठी तं बसलो."

त्याच सोमवारी दुपारी विमलनं उशाशी पडलेला अंक घेतला. त्याचं वरचं कव्हर गेलेलं होतं, मधलीही काही पानं सुटलेली. मी म्हटलं, राहू दे, दमशील. ती म्हणाली, "वाचली की दुखणं इसरते," आणि नवी गोष्ट सुरू केली.

गोष्टीतला माणूस स्वतःच सांगत होता, मी असं केलं, मी तसं केलं म्हणून. पहिलंच वाक्य मला पाठ आहे. "मी कापसाच्या प्रेसवर काम करतो. माझी बायको वारली. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला पोरगी आली होती, पण तिनंच नाही म्हटलं."

मी उठून बसलो.

"काय नाव हाय या गोष्टीचं?"

"नावाचं पान फाटलं वाटते." ती अंकातच पाहत होती. मग मान वर करून तिनं विचारलं, "खरं बोलून राह्यला का हा माणूस?"

"मले काय माहीत. छापलं हाय तं खरंच असंन."

"हं," म्हणाली, आणि पुढे वाचत गेली.

आधी मला वाटलं, मनानं रचून मला टोमणा मारतेय. पण टोमणा मारताना माणसाचा आवाज बदलतो. तिचा बदलला नव्हता. ती नेहमीसारखी एका सुरात वाचत होती, बोटानं ओळ धरून. अंक हातात घेऊन पाहावा, असं माझ्या मनात आलं. पण पाहिलं तर काय लिहिलेलं निघेल... नाही पाहिला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दार लोटलेलं. तिला पाणी लागायचं, कूस बदलायला हात लागायचा, म्हणून उठून कुठे जाताही येत नव्हतं. रोज एक ते तीन मी त्या खोलीत त्या माणसाचं बोलणं ऐकत पडायचो.

आणि तो माणूस माझ्याच कामाचं बोलायचा. एके दिवशी त्यानं धुमसणाऱ्या गठाणीचं, म्हणजे रुईच्या गाठीचं, सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसात कधी खडा येतो, तो रेच्याच्या लोखंडाला घासतो, ठिणगी पडते आणि रुईत शिरते. कुणाला दिसत नाही. तीच रुई प्रेसमध्ये दाबली जाते, वरून लोखंडी पट्ट्या बसतात, आणि गठाणीच्या पोटात आग तशीच राहते. चार दिवस, आठ दिवस. तळहात लावला तर कोमट लागते. अशा गठाणीच्या पट्ट्या तोडायच्या नसतात, हवा लागली की भडकते. ती ओढून मैदानात एकटी ठेवायची आणि तिच्याकडे जायचं नाही. प्रेसवर हा नियमच आहे. गोष्टीतला माणूस म्हणत होता, "पोरीच्या बाबतीत मी तेच केलं. पट्टी तोडली नाही. बाजूला ठेवली."

मला ते पटलं होतं. मी म्हटलं, "बराबर बोलते तो."

विमलनं पान उलटलं. "गठाण हाय का पोरगी म्हणजे?" असं म्हणाली, पण मला नाही. त्या माणसालाच म्हटल्यासारखं.

आणखी एके दिवशी तिनं वाचलं, "दुपारी दोनला जिनिंगचा भोंगा वाजला. त्या वेळी तो कधीच वाजत नाही. मी खाटेवर होतो. माझे पाय गार पडले." आता भोंगा सातला वाजतो आणि बाराला वाजतो. पुरा सीझन असला तर चारला आणि रात्रपाळीला. दोनला वाजायचं काही कारणच नाही. मी वैतागलो. मोठ्यानं म्हटलं, "दोनले भोंगा कायले वाजते? लिहिणाऱ्यानं जिनिंग पाह्यली तरी हाय का?"

विमल म्हणाली, "वाजते."

"एकतीस वर्षांत नाही वाजला."

"वाजते," तिनं पुन्हा म्हटलं आणि वाचत गेली.

नवव्या दिवशी त्या माणसाला पोरीची आठवण यायला लागली होती. तो पोरीकडे जायला निघाला. "पहिल्यांदा स्टँडवर गेलो तर गाडी आलीच नाही. दुसऱ्यांदा गेलो तर बसायला जागा नव्हती. तिसऱ्यांदा गेलो. गाडी उभी होती." इथं विमल थांबली. तिला धाप लागली होती. अंकात खूण म्हणून तिनं पातळाचा एक धागा घातला, अंक मिटला आणि विचारलं, "खरं बोलून राह्यला का हा?"

मी म्हटलं, "झोप आता."

त्यानंतर तिनं वाचलं नाही. दोन दिवसांनी, पहाटे, ती गेली.

सुनंदा आली. माणसं जमली होती. बायांनी तिला धरलं होतं. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर आई काही म्हणे का? माझ्याबद्दल? नागपूरबद्दल?"

मी तोंड उघडलं. मला वाटलं होतं, मी सोमवारचं सांगणार. पण तोंडातून निघालं, "तिले मोठ्या दवाखान्यात न्यायले तू आलती. पण तिनंच नाही म्हटलं."

'पोरगी'च्या जागी 'तू', बाकी अक्षर न् अक्षर त्या गोष्टीतलं. मला ते बोलताना कळलं. जीभ आपली आणि वाक्य दुसऱ्याचं. सुनंदानं मान हलवली, हात पुसल्यासारखे पदराला पुसले आणि उठून गेली. नंतर जो कुणी भेटायला आला त्याला मी हेच सांगितलं. न विचारताही सांगितलं.

पुढच्या महिन्यात जिनिंगमध्ये एक गठाण कोमट लागली. मीच हात लावला होता. मीच चौघांना घेऊन ती मैदानात ओढली. असं कधीमधी होत असतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी मालकानं जिनिंग बंद केली. आमचा हिशेब झाला आणि मी घरी आलो. जेवलो नाही, खाटेवर पडलो. आणि भोंगा वाजला. मी घड्याळ पाहिलं. दोन. लांबलचक वाजला, दमेपर्यंत वाजला. नंतर समजलं की विजेची लाइन कापायला माणसं आली होती, तर मुनीम म्हणाला, कापायच्या आधी शेवटचा एकदा वाजवून घ्या. त्यानंतर तो भोंगा वाजला नाही.

माझे पाय गार पडले. थंडगार. एप्रिलच्या दुपारी. मी बराच वेळ ते हातानं चोळत बसलो.

आता मला भीती वाटायला लागली ती पुढच्या भागाची. पोरीकडे जायचं माझ्या मनात होतंच. सोमवारचं तिला सांगायचं होतं. एका गुरुवारी मी स्टँडवर गेलो. यवतमाळची गाडी घ्यायची, तिथून वणीची. तासाभरानं परत आलो. रहीमभाई दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"काहून भाऊ, वापस?"

"गाडी आलीच नाही."

रहीमभाई हसला. "यवतमाळची गाडी नाही आली? दर घंट्याले हाय. आत्ता माझा साला उतरला तिच्यातून. आत बसून चाय पिऊन राह्यला. त्याले बोलावू का?"

मी घरात गेलो. आठवायला लागलो. गाडी आली होती... लोक चढले होते. कंडक्टरनं घंटी मारली होती. मी बाकड्यावर बसूनच होतो. आणि तरी रहीमभाईला सांगताना मी खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं. गाडी आली नाही असंच मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. परत आलो. रहीमभाईनं मशीनवरून मानही वर केली नाही. मीच म्हटलं, "बसाले जागा नव्हती." घरात आलो, दार लोटलं, आणि अंक शोधायला लागलो.

अंक घरातच होता. वाचनालयातून कुणी मागायला आलं नव्हतं. मी विमलचा चष्मा लावला आणि वाचायला बसलो. पहिल्या पानापासून. पुढचं काय होतं ते मला पाहायचं होतं. तो माणूस तिसऱ्यांदा गाडीत बसला की नाही बसला.

ती गोष्ट अंकात नाही.

मी सगळा अंक वाचला. एका दुपारी दोन पानं, कधी तीन. जवळपास महिना गेला. प्रेसवरचा माणूस कुठेच नाही, जिनिंग नाही, भोंगा नाही. धागा ज्या पानात होता ती गोष्ट एका पोस्टमास्तरची. नावाचं पान खरंच फाटलेलं. पोस्टमास्तर स्वतः सांगतो की नोकरीत मी कुणाचं पत्र कधी फोडलं नाही. आणि मग बोलता बोलता सांगतो, अमक्याचा पोरगा मुंबईत दुसरं लग्न करून बसला, तमक्याच्या सुनेला माहेरी का धाडलं. पत्र फोडल्याशिवाय याला हे कसं कळलं? लिहिणारा मधे पडून काही सांगत नाही. त्यालाच बोलू देतो. चार पानं झाल्यावर मला समजलं की हा खोटं बोलतोय, आणि त्याचं त्यालाच ते ठाऊक नाही. मी अंक खाली ठेवला. दाराची कडी काढून पाहिली, उघडते ना म्हणून. का पाहिली, काय माहीत.

शेवटी तो पोस्टमास्तर सांगतो की टेबलाच्या खणात एक पत्र आहे, त्याच्या स्वतःच्या नावाचं, त्याच्या बायकोच्या हातचं. "तेवढं मात्र मी फोडलं नाही," म्हणतो. गोष्ट संपली.

मी रहीमभाईकडे गेलो. तो एका मशीनला तेल देत होता.

"रहीमभाई, शेवटी शेवटी तुझी भाभी कोणती गोष्ट वाचत होती, ध्यानात हाय का?"

"काहून नाही? ते पोस्टमास्तरवाली." त्यानं तेलाची बुधली ठेवली. "एक नंबरचा लुच्चा माणूस. म्हणे मी पत्र फोडत नाही, आन साऱ्या गावाच्या चड्ड्या मोजून ठेवल्या होत्या त्यानं. अधुरीच राह्यली, भाऊ. पुढं काय झालं त्याचं?"

मी त्याच्या स्टुलावर बसलो.

"तू रोज आयकली? नऊही दिवस?"

"रोज. हातोडी नाही उचलली मी दुपारची." मग तो जरा अडखळला. "भाऊ, राग नका मानू. एक इचारू का? एक दिवस तुम्ही मधातच वरडले, दोनले भोंगा कायले वाजते म्हणून. मले हासू आलं. पोस्टात भोंगा कोठून आला? म्हटलं भाऊ झोपीत बडबडून राह्यले."

"मंग? भाभी काय म्हणे?"

"भाभी म्हणे, वाजते. दोनदा म्हणे. आन मंग पोस्टमास्तर सुरू."

तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं. सोमवारची बादलीसुद्धा. तिकडे ग्राहक येऊन उभा राहिला तर रहीमभाई त्याला म्हणाला, उद्या ये. मग मला म्हणाला, "गोष्ट कोठून आली ते अल्लाले माहीत. पण पोरीले काहून नाही सांगितलं अजून?"

"सांगाले जातो तं वापस येतो."

"तं मी येऊ संगं?"

मी नको म्हटलं. तो सोबत आला असता तर मी गेलो असतो, हे खरं आहे. पण मग गाडीत मला त्यानं बसवलं असतं. आणखी महिनाभर मी स्टँडच्या रस्त्याला फिरकलो नाही. भाजीला जायचं तर दुसऱ्या गल्लीनं जायचो. मला कळून चुकलं होतं की तो माणूस तिसऱ्यांदाही गाडीत बसला नसणार, आणि परत येऊन त्यानं काय सांगितलं असेल तेही मला ठाऊक होतं. गुडघे धरले म्हणून नाही चढलो. हे मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ते माझ्या तोंडात तयारच होतं. घराबाहेर निघालो तर ते वाक्य बोलावं लागणार, आणि घरात बसलो तर भिंतीला टेकलेली ती जागा समोर. असा महिना काढला.

मग एके सकाळी निघालो. गाडी उभी होती. मी दारापाशी गेलो, एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचलेना. खरंच सांगतो, जड झाला. मागून माणसं ढकलायला लागली.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढता का उतरता? एक काहीतरी करा."

"चढतो," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तो पाय कसा उचलला गेला ते मला सांगता येत नाही, पण पुढच्या क्षणी मी आत होतो आणि गाडी हलली होती. गोष्टीतलं जेवढं मी ऐकलं होतं ते त्या पायरीवर संपलं.

वणीला पोहोचायला दुपार कलली. सुनंदा ओट्यावरची कोळशाची धूळ पाण्यानं धूत होती. "या," म्हणाली. पाणी दिलं. माझ्यासमोर बसली. मी तोंड उघडलं आणि पुन्हा तेच निघालं, "तुझ्या आईनंच नाही म्हटलं..."

"हे आयकलं हाय मी, बाबा."

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच वाक्य. ती माझ्याकडे पाहायला लागली, मला काही झालं की काय अशी. मग मी हातानंच खुणावलं, कागद दे. जावयानं गॅरेजचं एक जुनं बिल आणि पेन्सिल आणून दिली. मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहायला बसलो. शाळा सोडल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. अर्धा तास लागला. ती दोघं नुसती पाहत होती.

लिहिलं ते असं. तुझ्या आईने सोमवारी मले म्हटलं मले नेता का नागपूरले. मी आयकलं. मी नाही आयकल्यासारखं केलं. ती नाही म्हटली नव्हती. मी दारात उभा होतो म्हणून तुले तसं म्हटली.

सुनंदानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कोणत्या सोमवारी?"

"तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी एक दिवस राह्यली असती तं."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"रहीमचाचाच्या दुकानात फोन होता ना?"

"होता."

"आमच्या शेजारचा नंबर होता तुमच्यापाशी."

"होता."

तिनं कागदाची घडी घातली. म्हणाली, "मले वाटे, आईले माझ्यावर भरवसा नव्हता. इतके महिने मी तिच्यावर राग धरला, बाबा. मेलेल्या माणसावर." रडली नाही. उठून आत गेली. संध्याकाळी ताट वाढलं, वाढताना हाताला हात लागू दिला नाही. सकाळी जावयानं मला स्कूटरवर स्टँडला सोडलं. ती दाराशी आली नाही.

यातलं मला काही उलगडत नाही. डोकं फिरलं होतं म्हणावं, तर मी भोंग्यावरून ओरडलो ते विमल असताना, आणि भोंगा वाजला ती गेल्यावर. विमलनं मनचं रचलं म्हणावं, तर टिनाच्या त्या बाजूला रहीमभाईनं पोस्टमास्तर ऐकला, त्याच आवाजात, त्याच दुपारी. मी झोपेत होतो म्हणावं, तर "वाजते" हे तिचं उत्तर त्यानंही ऐकलं. अंक मी वाचनालयात परत केला नाही. शबानानं तो दोनदा वाचून पाहिला. तिलाही पोस्टमास्तरच सापडला.

सुनंदा वर्षश्राद्धाला आली होती. सगळ्यांशी बोलली, माझ्याशी नाही. त्यानंतरही येते, वर्षातून एकदा. आता जेवलात का एवढं विचारते. जावई सांगत होता की तो कागद तिनं फाडला नाही, रेशन कार्डासोबत ठेवला आहे.

शबाना आत्ता म्हणाली, "काका, शेवटी असं लिहू का, की आता बापलेकीचं सगळं ठीक झालं? वाचणाऱ्यांना बरं वाटते."

मी म्हटलं, "नको लिहू. ठीक नाही झालं."